जांभई का पसरते : एका अभ्यासक्षेत्राची ओळख

जांभई ही साधारण सहा सेकंदांची क्रिया आहे. जबडा सावकाश उघडतो, दीर्घ श्वास आत ओढला जातो, घसा रुंदावतो, डोळे मिटू लागतात, क्षणभर कानांना दडे बसल्यासारखे होते आणि आखूड उच्छ्वासानंतर चेहरा पूर्ववत होतो. एकदा सुरू झालेली जांभई मध्येच थांबवणे फार कठीण असते. दात आवळून दिलेली जांभई अपुरी राहिल्याची रुखरुख लागते. ही क्रिया कोणाला शिकवावी लागत नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातील नाद्या राइसलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पंधरा गर्भांच्या सोनोग्राफी चित्रफिती तपासल्या. २४ व्या ते ३६ व्या आठवड्यांतले हे गर्भ आईच्या पोटातच जांभया देत होते. मेंदूचा वरचा भाग विकसित न झालेली अर्भकेही जांभई देतात. याचा अर्थ तिची मुळे मस्तिष्कस्तंभात, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मेंदूच्या सर्वांत जुन्या भागात आहेत.

याच क्रियेचा दुसरा एक प्रकार आहे. समोरचा जांभई देताना दिसला, तिचा आवाज कानी पडला, तिच्याविषयी वाचले किंवा नुसता तिचा विचार मनात आला, तरी जांभई येते. ही संसर्गाची जांभई तान्ह्या बाळांत दिसत नाही. चार-पाच वर्षांच्या सुमारास ती उमटू लागते. उत्स्फूर्त जांभई पृष्ठवंशी प्राण्यांत दूरवर पसरलेली आहे, संसर्गाची मात्र मोजक्याच, आणि बहुतांशी कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत आढळली आहे. पहिली अतिप्राचीन, दुसरी उत्क्रांतीच्या हिशेबात बरीच अलीकडची. या विषयातला बहुतेक गोंधळ या दोहोंच्या गल्लतीतून आला आहे. जांभई का येते हा एक प्रश्न आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे का जाते हा वेगळा प्रश्न; पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले असे होत नाही.

दुसरा प्रश्न नवा नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘प्रॉब्लेमाटा’ या प्रश्नसंग्रहात तो थेट विचारलेला आहे : एकाने जांभई दिली की पाहणारे जांभई का देतात? मात्र पुढच्या दोन हजार वर्षांत वैद्यांचे लक्ष पहिल्या प्रश्नाकडेच राहिले. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत जांभई ही ताप येण्यापूर्वी शरीरातली दूषित हवा बाहेर टाकण्याची क्रिया मानली गेली. भारतात चरकसंहितेच्या सूत्रस्थानाने जृंभा ही तेरा अधारणीय वेगांत, म्हणजे दाबून धरू नयेत अशा नैसर्गिक आवेगांत धरली आणि ती रोखल्यास अवयव आखडणे, आचके, बधिरता, कंप असे विकार संभवतात असे नोंदवले. प्राणाच्या पाच उपवायूंपैकी ‘देवदत्त’ हा जांभईचा वायू ठरला. महाभारताच्या उद्योगपर्वात वृत्राने गिळलेल्या इंद्राला सोडवण्यासाठी देवांनी जांभई निर्माण केली आणि तेव्हापासून ती प्राणिमात्रांच्या श्वासाला जोडली गेली, अशी कथा आहे. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवण्याचा आपल्याकडचा रिवाज काय, किंवा तोंडावर क्रूसाची खूण करण्याची युरोपातली जुनी सवय काय, दोन्हींमागे उघड्या तोंडातून काहीतरी आत शिरेल किंवा बाहेर जाईल ही धास्ती दिसते. या परंपरांमध्ये आधुनिक शरीरशास्त्र शोधत बसण्याची गरज नाही. त्यांचे मोल वेगळे आहे : इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेची दखल माणसाने सर्वत्र आणि गांभीर्याने घेतली, हे त्या दाखवतात.

अठराव्या शतकापासून जांभईचा संबंध रक्तातल्या प्राणवायूशी जोडला जाऊ लागला. मेंदूला हवा कमी पडली की शरीर एक मोठा श्वास ओढून घेते, ही कल्पना इतकी सुटसुटीत होती की ती पाठ्यपुस्तकांत शिरली आणि प्रयोगाने कधी तपासलीच गेली नाही. ती तपासली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी, १९८७ मध्ये. त्यांनी विद्यार्थ्यांना एकदा शुद्ध ऑक्सिजन आणि एकदा तीन ते पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासातून दिली. साध्या हवेत हा वायू शेकडा एकाचा अंशमात्र असतो. कार्बन डायऑक्साइडने श्वासाचा वेग वाढला. जांभयांच्या संख्येत मात्र दोन्ही वायूंनी फरक पडला नाही. व्यायामाने धाप लागूनही तो पडला नाही. प्राणवायूच्या कमतरतेची ही समजूत आजही शाळांतून सांगितली जाते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तिचा पाया गेला आहे, हे या विषयाकडे वळणाऱ्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावे.

शरीरातल्या यंत्रणेविषयी मात्र ठोस ज्ञान जमा होत गेले. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधील एका छोट्या पेशीपुंजातून ऑक्सिटोसिन स्रवते, डोपामिन त्या पेशींना चेतवते आणि त्यातून जांभई येते, हे इटलीतील कॅल्यारी येथील आर्जिओलास आणि मेलिस यांच्या उंदरांवरील दीर्घ कामातून स्पष्ट झाले. नैराश्यावरची काही औषधे घेणाऱ्यांना वारंवार जांभया का येतात, याचाही दुवा अशा रसायनांत आहे. पक्षाघाताने लुळा पडलेला हात जांभईच्या क्षणी आपोआप वर उचलला जातो, ही नोंद तर एकोणिसाव्या शतकापासूनची. त्या रुग्णाला इच्छेने हात हलवता येत नाही, तरी जांभई तो हलवते. ऐच्छिक हालचालीचा मार्ग तुटल्यावरही तिचा स्वतःचा मार्ग शाबूत असतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा मिळणे कठीण. फ्रेंच वैद्य ओलिव्हिए वालुसिंस्की यांनी या घटनेला नाव दिले आणि जांभईवरचे विखुरलेले वैद्यकीय वाङ्मय एकत्र आणले. हे क्षेत्र आज एका जागी सापडते याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते.

संसर्ग हा प्रयोगशाळेचा विषय झाला तो १९८६ मध्ये, पुन्हा प्रोव्हाइन यांच्याच हातून. त्यांनी जांभया देणाऱ्या चेहऱ्याची पाच मिनिटांची चित्रफीत दाखवली, तेव्हा सुमारे ५५ टक्के प्रेक्षकांनी जांभई दिली. हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीला हे प्रमाण २१ टक्के होते. पुढे त्यांनी चेहऱ्याचे एकेक भाग झाकून पाहिले. तोंड झाकले तरी परिणाम टिकला आणि नुसते उघडे तोंड दाखवले तर तो फारसा झाला नाही. पाहणाऱ्याचा मेंदू उघड्या तोंडाला नव्हे, तर मिटत्या डोळ्यांसह ताणल्या गेलेल्या संपूर्ण चेहऱ्याला प्रतिसाद देतो, असा त्याचा अर्थ निघाला. सभ्यता म्हणून तोंडावर हात ठेवल्याने जांभई पसरायची थांबत नाही, ती म्हणूनच. या प्रयोगांची साधने अगदी साधी होती. दुर्लक्षित विषयाला चांगला प्रश्न विचारला की केवढे हाती लागते, याचा हा नमुना आहे आणि प्रस्तुत पुस्तकाची मांडणीही याच प्रयोगांपासून सुरू होते.

त्यानंतरचा बराच काळ एका विचाराने व्यापला : जांभईचा संसर्ग हे समानुभूतीचे, दुसऱ्याची अवस्था आपल्या आत अनुभवण्याच्या शक्तीचे, प्राथमिक रूप आहे. २००३ मध्ये स्टीव्हन प्लॅटेक आणि सहकाऱ्यांनी संसर्ग होणारी माणसे इतरांचे मन ओळखण्याच्या चाचण्यांत सरस ठरतात असे मांडले आणि पुढचे पुरावे एकामागून एक येत गेले. जपानमध्ये २००४ साली चिंपांझींवर झालेल्या प्रयोगात सहापैकी दोन प्रौढ माद्यांनी चित्रफितीतील जांभईला जांभईने उत्तर दिले. पिल्लांनी दिले नाही. लंडनमध्ये २००८ साली २९ पैकी २१ कुत्र्यांनी माणसाची जांभई पाहून जांभई दिली. आत्सुशी सेंजू यांच्या २००७ च्या अभ्यासात स्वमग्न मुलांना हा संसर्ग कमी झाला. मॅथ्यू कॅम्बेल आणि फ्रान्स द वाल यांनी २०११ मध्ये दाखवले की चिंपांझींना अनोळखी टोळीपेक्षा आपल्या टोळीतल्या सदस्याची जांभई अधिक लागते.

या परंपरेतले सर्वांत लक्षणीय काम इटलीच्या इव्हान नॉर्शा आणि एलिझाबेत्ता पालाजी यांचे. त्यांनी कोणालाही प्रयोगशाळेत बोलावले नाही. रेल्वेत, जेवणाच्या टेबलावर, कामाच्या जागी, जिथे माणसे आपसूक जमतात तिथे, वर्षभर १०९ प्रौढांच्या जांभया टिपल्या. कोणी दिली, कोणी पाहिली, किती वेळाने प्रतिसाद आला आणि त्या दोघांचे नाते काय, एवढ्याच नोंदी. २०११ मध्ये निष्कर्ष आला : संसर्ग नातलगांत सर्वाधिक, मग मित्रांत, मग ओळखीच्यांत आणि परक्यांत सर्वांत कमी.

मांडणी सुंदर होती आणि जगभर पसरली. पण ज्या पुराव्यांवर ती उभी होती ते एकेक करून पुन्हा तपासले गेले, तेव्हा चित्र बदलले. स्वमग्न मुलांचे उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे. ही मुले अनेकदा समोरच्याच्या चेहऱ्याकडे, विशेषतः डोळ्यांकडे, कमी पाहतात. त्यांनी चेहरा खरोखर पाहिला आहे याची खात्री करून जपानमध्ये हा प्रयोग २०१३ मध्ये पुन्हा झाला आणि इतर मुलांशी असलेला फरक नाहीसा झाला. उणीव भावनेत नव्हती. नजर कुठे आहे याचा तो प्रश्न होता. नातलगांकडे आपले लक्ष परक्यांपेक्षा जास्त असते, हे लक्षात घेतले की नॉर्शा-पालाजींच्या निष्कर्षालाही हाच आक्षेप लागू पडतो. त्या दोघांच्या गटाने पुढे केवळ आवाजाने लागणाऱ्या जांभईचा अभ्यास करून या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये ३२८ निरोगी व्यक्तींची तपासणी झाली. त्यांतल्या २२२ जणांना संसर्ग झाला. परंतु समानुभूतीच्या गुणांशी, बुद्धीशी किंवा थकव्याशी त्याचा ठाम संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो फक्त वयाशी, वय वाढते तसा संसर्ग थोडा घटतो एवढाच, आणि वयानेही एकूण फरकातला जेमतेम आठ टक्के भाग उलगडला. कुत्र्यांवरच्या आधीच्या अभ्यासांची माहिती २०२० मध्ये एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा संसर्ग खरा ठरला, पण मालकाची जांभई जास्त लागते हे टिकले नाही. योर्ग मासेन आणि अँड्र्यू गॅलप यांनी २०१७ मध्ये सगळा पुरावा मांडून संसर्ग आणि समानुभूती यांचे समीकरण अजून सिद्ध झालेले नाही असा निर्वाळा दिला. पुस्तकाची भूमिका या निर्वाळ्याच्या जवळची आहे. नाते आणि संसर्ग यांचा संबंध नाकारलेला नाही. त्याचे कारण समानुभूतीच आहे असे गृहीत धरण्याला मात्र नकार आहे.

मेंदूकडून मिळणारी साक्षही एकमुखी नाही. नव्वदच्या दशकात इटलीतील पार्मा येथे मिरर न्यूरॉनचा शोध लागला. स्वतः क्रिया करताना आणि तीच क्रिया दुसऱ्याला करताना पाहताना, दोन्ही वेळा उद्दीपित होणाऱ्या या पेशी जांभईचे कोडे सोडवतील अशी मोठी आशा होती. २००५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या प्रतिमांकनात जांभई पाहताना मिरर न्यूरॉनचा मानलेला गाभा विशेष उजळला नाही. काही नंतरच्या अभ्यासांत त्या व्यवस्थेचे भाग दिसले. अधिक नेमके काम नॉटिंगहॅम विद्यापीठातले. स्टीफन जॅक्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये ३६ प्रौढांना जांभयांच्या चित्रफिती दाखवल्या. कधी मोकळेपणे जांभई द्या असे सांगितले, कधी दाबा असे. दाबायला सांगितल्यावर पूर्ण जांभया कमी झाल्या, पण जांभईची ऊर्मी वाढली. कोणाला संसर्ग अधिक होतो हे मेंदूच्या हालचाल-केंद्राच्या उद्दीपनक्षमतेवरून बऱ्याच अंशी सांगता आले आणि बाहेरून सौम्य विद्युत्प्रवाहाने ती क्षमता वाढवली तेव्हा ऊर्मीही वाढली. व्यक्तिव्यक्तींतला फरक स्वभावापेक्षा या जैविक घडणीत अधिक असावा, असे हे काम सुचवते. टुरेट सिंड्रोमसारख्या, अनिवार हालचालींच्या विकारांसाठी त्याचा उपयोग शोधणे हा त्या गटाचा मूळ हेतू होता.

तिसरा प्रवाह जांभईच्या उपयोगापासून सुरू होतो. अँड्र्यू गॅलप यांच्या मते जांभई मेंदू थंड करून सावध ठेवते : जबड्याच्या ताणाने कवटीकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आत येणारी हवा उष्णता नेते. २००७ च्या प्रयोगात कपाळावर गरम पट्टी धरणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना जांभई लागली, थंड पट्टी धरणाऱ्यांपैकी फक्त ९ टक्क्यांना. आणि नाकाने श्वास घेणाऱ्यांना ती लागलीच नाही. पुढे ॲरिझोनातील टूसॉन शहरात पादचाऱ्यांना जांभयांची चित्रे दाखवली, तेव्हा बावीस अंशांच्या हिवाळ्यात ४५ टक्क्यांनी आणि सदतीस अंशांच्या उन्हाळ्यात २४ टक्क्यांनी जांभई दिली. बाहेरची हवाच शरीराइतकी तापली की ती आत घेऊन उपयोग नाही, असा याचा अर्थ लावला गेला. व्हिएन्नामध्ये २०१४ मध्ये हाच प्रयोग झाला आणि तिथे उलट, उन्हाळ्यात प्रमाण जास्त आले. पण व्हिएन्नाचा उन्हाळा वीस अंशांच्या आसपासचा आणि हिवाळा गोठणबिंदूजवळचा. दोन्ही शहरांत जांभया वीस अंशांच्या बाजूला झुकल्या, त्यामुळे या दोन निष्कर्षांत विरोध नाही. शीतकरणाच्या या सिद्धान्ताला आक्षेप आहेतच. स्वित्झर्लंडच्या एड्रियन गुगिसबर्ग यांनी मेंदूच्या विद्युत्लहरी मोजून जांभईनंतर सावधपणा वाढतो याचा पुरावा मिळत नाही असे म्हटले आणि जांभईचे काम संवादाचे मानले.

या प्रवाहातून संसर्गाचे जे स्पष्टीकरण निघते, ते कळपाचे आहे. एकाचा सावधपणा उतरला आहे, ही खूण इतरांनी पाहिली आणि त्यांनी स्वतःला जागे केले, तर साऱ्या कळपाचा फायदा. २०२१ मध्ये गॅलप आणि मेयर्स यांना जांभया पाहिलेल्या व्यक्ती चित्रांतले साप लवकर शोधतात, निरुपद्रवी बेडकांबाबत तसा फरक पडत नाही, असे आढळले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील सिंहांच्या कळपावर केलेल्या निरीक्षणात एकाची जांभई दुसऱ्याला लागल्यानंतर ते दोघे पाठोपाठ तीच हालचाल करण्याची शक्यता अकरा पटींनी वाढलेली दिसली. बजरीगर पोपटांतही संसर्ग सिद्ध झाला आहे. माकडवर्गापासून इतक्या दूरच्या पक्ष्यात तो आढळणे समानुभूतीच्या सिद्धान्ताला अवघड जाते, कळपाच्या सिद्धान्ताला सोपे.

या सर्वांच्या मुळाशी जाणारी शंका रोहन कपितानी आणि मार्क नील्सन यांनी २०१७ मध्ये उपस्थित केली. दमलेल्या माणसांच्या खोलीत जांभया तशाही पाठोपाठ येतातच. त्यांतली कुठली लागलेली आणि कुठली योगायोगाची, हे ठरवणार कसे? पाहणारा अनुक्रमात कारण शोधतो. शिवाय प्रयोगशाळेत कोणी पाहत आहे ही जाणीवसुद्धा जांभया कमी करते, हेही दिसून आले आहे. संसर्गाचे अस्तित्व नियंत्रित प्रयोगांनी पुरेसे सिद्ध झाले आहे, असे या क्षेत्रातल्या बहुतेकांचे मत आहे. परंतु किती मिनिटांत आलेली जांभई ‘लागलेली’ धरायची, याबाबत गटागटांत एकवाक्यता नाही आणि त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना फार जपावे लागते.

हा विषय आज मराठीत आणण्याची निकड दोन बाजूंनी आहे. एक बाजू वैद्यकाची. अतिप्रमाणात येणाऱ्या जांभया पक्षाघात, अर्धशिशी, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा औषधांचा परिणाम यांच्याशी निगडित असू शकतात आणि घरातला त्रासलेला माणूस त्यांना आळस समजून सोडून देतो. दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात २०१५ मध्ये १३५ विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. भावशून्यतेच्या चाचणीत वर असणाऱ्यांना संसर्ग कमी होतो, इतकाच त्याचा निष्कर्ष. बातम्यांमध्ये त्याचे रूप ‘ज्याला जांभई लागत नाही तो मनोविकृत’ असे झाले आणि हा मजकूर मोबाईलवरून आजही फिरतो. प्रोव्हाइन यांच्या पहिल्याच प्रयोगात जवळजवळ निम्म्या लोकांना जांभई लागली नव्हती. अशा कसोटीने कोणा मुलाला किंवा जोडीदाराला थंड, प्रेमशून्य ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांना तर त्याची झळ थेट बसते.

संशोधनाच्या बाजूनेही मराठी वाचकाला इथे जागा आहे. आजवरचा मानवी पुरावा मुख्यतः युरोप, अमेरिका आणि जपानमधून आलेला आहे. शीतकरणाचा सिद्धान्त ज्या तापमानभेदावर तपासला गेला, तो विदर्भात दरवर्षी घडतो : नागपूरचा डिसेंबर आणि पंचेचाळीस अंशांकडे जाणारा मे. मुंबईत वर्षभर हा फरक त्या मानाने थोडा. सिद्धान्त बरोबर असेल तर नागपुरात मे महिन्याच्या दुपारी संसर्ग घटायला हवा आणि मुंबईत ऋतूंमधला फरक पुसट असायला हवा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही; नॉर्शा-पालाजींच्या धर्तीवर एसटी स्थानकात, वाचनालयात, एकत्र कुटुंबाच्या ओसरीवर शिस्तीने केलेल्या नोंदी पुरतात. महाविद्यालयातल्या मानसशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम झेपणारे आहे.

हे पुस्तक वरच्या तीन प्रवाहांपैकी एकाची वकिली करण्यासाठी लिहिलेले नाही. प्रत्येक दाव्याबरोबर तो किती जणांवर, कोणत्या पद्धतीने तपासला गेला आणि पुन्हा तपासल्यावर टिकला की नाही, हे सांगण्याचा त्याचा प्रयत्न आहे. उत्स्फूर्त आणि संसर्गाची जांभई यांची चर्चा शेवटपर्यंत वेगळी ठेवली आहे. प्राण्यांवरील अभ्यासांना माणसांवरील अभ्यासांइतकीच जागा दिली आहे, कारण संसर्ग केव्हा आणि कशासाठी उद्भवला याचे उत्तर एका प्रजातीत मिळणारे नाही. चरकसंहिता आणि महाभारत यांतील उल्लेख इतिहास म्हणून येतात, पुरावा म्हणून येत नाहीत. आजारातील जांभयांचे विवेचन लक्षणे ओळखण्यापुरते आहे. उपचारांचा भाग डॉक्टरांकडे सोपवला आहे. जीवशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने मेंदूरचनेचा भाग प्रथम वगळून प्रयोगांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे लागणाऱ्या संज्ञा त्या त्या ठिकाणी पुन्हा उलगडून सांगितल्या आहेत.